बोस्टनचा चहा, घोडनदीचं पाणी

कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलणारी माणसं आपापले किस्से सांगून मोकळी होतात आणि ते सगळे येऊन पडतात ऐकणाऱ्याच्या घरात. लग्न होऊन मी दौंडहून शिरूरला आले, त्या पहिल्या वर्षात मी बोलले असेन जेमतेम वहीभर. ऐकलं मात्र इतकं, की अजून पुरतंय.

आमचं घर हायस्कूलच्या समोर. हे तिथे इतिहास शिकवायचे. त्या वर्षी शिक्षकांच्या खोलीचं छत दुरुस्तीला काढलं आणि मधल्या सुट्टीत मंडळी आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसू लागली. छत महिनाभरात झालं, पण मंडळी येतच राहिली. चहा होता ना!

बाहेरच्या खोलीत एक कॉट आणि चार लोखंडी खुर्च्या. खुर्च्यांवर कोण, हे ठरलेलं. एकीवर हेडमास्तर, एकीवर गणिताचे कांबळे सर, एकीवर हे आणि चौथीवर माझे सासरे, मामंजी. शाळेचा शिपाई आप्पा उंबऱ्यावर. मग दार, दाराला पडदा, आणि पडद्याअलीकडे स्टोव्ह, सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि मी.

लग्नाआधी माझी बी.ए.ची दोन वर्षं झाली होती. तिसरं बाहेरून देता येत होतं. फॉर्म यांनीच पुण्याहून आणला होता आणि "घरात विचारू" म्हणाले होते. तो फॉर्म मी चहाच्या डब्याखाली ठेवला, कारण त्या घरात माझी म्हणावी अशी जागा तेवढीच होती. डिसेंबर संपायच्या आत तो पुण्याला पोचायला हवा होता. विचारणं अधूनमधून व्हायचं, पण पडद्यापलीकडे. "बघू की पुढच्या वर्षी" हे उत्तरही तिकडच्या तिकडेच मिळायचं. माझ्यापर्यंत फक्त कपांचा आकडा यायचा.

आणि त्याच वर्षी हे नववीला अमेरिका शिकवत होते.

* * *

यांना प्रात्यक्षिकाची भारी हौस. इंग्लंडच्या पार्लमेंटनं अमेरिकेतल्या वसाहतींवर स्टँपचा कर बसवला होता. कोर्टाचा कागद असो, वर्तमानपत्र असो, अगदी पत्त्यांचा कॅट असो, सरकारी छाप हवाच. आणि त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींनी निवडून दिलेला एकही माणूस नाही. हे मुलांना कळावं म्हणून यांनी अर्ध्या बटाट्यावर शिक्का कोरला आणि वर्गात जाहीर केलं, "आजपासून मला द्यायच्या प्रत्येक कागदावर हा शिक्का पाहिजे. एका शिक्क्याला पाच शेंगदाणे."

पहिल्या दिवशी मुलांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी हे पिशवीभर शेंगदाणे घेऊन घरी आले, आत्याबाईंनी लसूण घालून चटणी कुटली. तिसऱ्या दिवशी नववीतून एकही वही आली नाही. गणिताची नाही, मराठीची नाही, रजेचा अर्जसुद्धा नाही.

हेडमास्तरांनी वर्गाला नोटीस पाठवली. 'गृहपाठ न देणाऱ्यांनी उद्या पालकांना घेऊन यावे.' नोटीस तासाभरात परत आली. पाठीमागे सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'शिक्का नाही.'

हेडमास्तर ती नोटीस घेऊन तडक आमच्याकडे आले. ती वाचून हे खुर्चीतून उठलेच.

"सर, अगदी असंच झालं होतं! लोकांनी कागद घ्यायचंच नाकारलं. शेवटी वर्षाच्या आत पार्लमेंटला कायदा मागे घ्यावा लागला."

"तुम्ही कधी घेताय?" हेडमास्तर म्हणाले.

आत, माझ्या कानाशी लागून आत्याबाई म्हणाल्या, "आजून दोन दिस ऱ्हाऊ दे म्हणावं. चटणी संपत आली."

* * *

आप्पा शिपायाला करापेक्षा कर गोळा करणाऱ्यात जास्त रस होता.

"त्याला डांबर फासायचं," हे सांगत होते. "वर पिसं चिकटवायची आणि गाडीत घालून गावभर फिरवायचं."

आप्पा उंबऱ्यावर सरळ होऊन बसला. "म्हंजी कोंबडीच केली की त्याची. डांबर गरम व्हतं का गार?"

"गरमच असणार."

"आन् पिसं? कोंबड्या कुणाच्या?"

 हातातलं पुस्तक यांनी मागून पुढून चाळलं. कोंबड्या कुणाच्या, हे कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. आप्पानं मान हलवली. "त्येच तर. कर ऱ्हायला बाजूला, कोंबडीवालीचं नुसकान झालं त्याचं काय?"

ही गोष्ट आप्पानं गावभर केली. योगायोग असा, की पुणे-नगर रस्त्याचं काम चालू होतं आणि डांबराचं एक पिंप नेमकं बाजाराच्या तोंडाशी तापत ठेवलेलं. बाजाराच्या दिवशी जागेची पावती फाडणारा माणूस नेहमीप्रमाणे आला. भाजीवाल्यांकडे गेला, मडकीवाल्याकडे गेला, बांगड्यांच्या दुकानाशी तर दहा मिनिटं भांडला. आत्याबाई आणि मी वांगी घेत उभ्या होतो. तो कोंबडीवालीपाशी आला, तिच्या खुराड्याकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, आणि पावतीपुस्तक काखेत मारून पुढे गेला.

कोंबडीवाली पाठीमागून ओरडत राहिली, "आवं, माझी पावती? आवं भाऊ!"

* * *

एकदा वांगी निवडता निवडता आत्याबाईंनी मला विचारलं, "ही समदी बापय माणसं भांडत व्हती, तवा बाया काय करीत व्हत्या?"

मलाही नेमकं हेच हवं होतं. हे शाळेत गेले की मी त्यांचं पुस्तक काढायची. डाळ शिजेस्तोवर दोन पानं होत. त्यात एक परिच्छेद सापडला, तोही खालच्या बारीक टाइपातला. विलायती कापड घ्यायचं नाही म्हटल्यावर तिथल्या बायका चरखे घेऊन एकत्र जमत आणि दिवसभर सूत कातत, लोकर कातत. विलायती चहा सोडला आणि कसकसला पाला उकळून पीत.

आत्याबाईंच्या सासरची मेंढरं होती, त्यांच्या तरुणपणापर्यंत. मग शेती झाली, मुलगा शिकला, मेंढरं गेली. माझं वाचून संपलं तशा त्या उठल्या, ट्रंकेच्या तळातून लोकर कातायची एक काळीभोर लाकडी चाती काढली आणि लोकरीचा एक पुंजका. भिंतीला टेकून गरकन चाती फिरवली. वीस वर्षांत हात लावला नव्हता म्हणे, पण धागा कुठं तुटला नाही.

"बायानला लोकर कातायला लावली आन् लिव्हलं कुठं? तर खाली, बारीक," त्या म्हणाल्या. "ते पाल्याचं काय म्हनलीस?"

त्या दिवशी मधल्या सुट्टीला आम्ही दोघींनी गवती चहा, तुळस आणि सुंठ उकळून चार कप बाहेर पाठवले. चहा पावडर अजिबात नाही. 

"सूनबाई, दूध नासलं का?" मामंजींनी विचारलं.

"अमेरिकेचा चहा आहे," मी आतून म्हटलं. माझं ते त्या खोलीतलं बहुधा पहिलं वाक्य.

हेडमास्तरांना सर्दी होती, त्यांनी आणखी एक कप मागितला. हे इतिहासासाठी म्हणून प्यायले. कांबळे सरांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "हे पिऊन जी माणसं वर्षानुवर्षं टिकली, त्यांच्याशी इंग्रजांनी भांडायलाच नको होतं."

* * *

मग तो चहा बुडवण्याचा धडा आला. बोस्टनच्या बंदरात रात्री लोक जहाजावर चढले आणि तीनशेच्या वर पेट्या फोडून चहा पाण्यात ओतला. चहा होता ईस्ट इंडिया कंपनीचा.

"आपली कंपनी?" मामंजींनी विचारलं.

"तीच."

"तिथं बी व्हती व्हय?" मामंजींना त्या कंपनीविषयी जरा आदर वाटल्यासारखा दिसला. इतक्या लांबवर धंदा सांभाळायचा म्हणजे सोपं नाही.

मला मात्र पुस्तकातलं एक वाक्य दोन दिवस टोचत होतं. ज्या नव्या कायद्यावरून हे झालं, त्यानं चहा महाग झालाच नव्हता. कर होता तो जुनाच, थोडासा. उलट कंपनी सरळ विकू लागल्यामुळे चहा स्वस्त होणार होता. चोरून येणाऱ्या चहापेक्षाही स्वस्त! मग बुडवला कशाला? मी दोनदा भाजीत मीठ विसरले त्या विचारात.

शेवटी पडदा हातभर सरकवून मीच विचारलं, "स्वस्त झाला होता ना चहा? मग का बुडवला?"

चौघांनी वळून पाहिलं. पडद्याकडून प्रश्न येण्याची पद्धत नव्हती. हे म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि चष्मा पुसू लागले. शिक्षक चांगला प्रश्न आहे म्हणाला की समजावं. हेडमास्तर म्हणाले, व्यापाऱ्यांचं नुकसान होत होतं म्हणून. तेही खरं होतं.

मामंजी म्हणाले, "माजली असतील. स्वस्त मिळतंय ते घ्यावं आन् गप पडावं."

कांबळे सर आपल्या कपाकडे बघत होते. "मागे आमच्या गावात लग्न होतं," ते म्हणाले. "मला निरोप आला, या वर्षी तुम्हालाही जिलेबी आहे. आधी नुसता भात असायचा. बसायची जागा विचारली, तर ती तीच, गोठ्याच्या बाजूची. मी गेलो नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जिलेबी मला फार आवडते, वहिनी."

 मामंजींनी चहा तसाच ठेवला, त्यावर साय धरली. कप विसळताना मी पाहिलं, कांबळे सरांचा आणि मामंजींचा, दोन्ही कप अर्धे होते.

* * *

गॅदरिंगला नाटक हेच बसवायचं ठरलं. आणि स्टेजवर कसलं, थेट नदीवर! हेडमास्तर कसे तयार झाले देव जाणे. गवती चहानं त्यांची सर्दी गेली होती म्हणून असेल. बाजारातल्या किराणावाल्या शेटजींनी चहाची दहा रिकामी खोकी द्यायचं कबूल केलं. आप्पानं ती हातगाडीवरून काठाला आणली. दोन बैलगाड्या पाण्यात उभ्या करून जहाज झालं. शिरूर सगळं काठावर.

डिसेंबरात घोडनदीला पाणी ते किती! वीरांनी आरोळ्या ठोकून पहिलं खोकं फेकलं, ते घोटाभर पाण्यात सरळ उभं राहिलं. दुसरं त्याच्यावर जाऊन बसलं. इंग्रज कॅप्टन पळून जायचा होता, तो धोतर सावरत पाण्यातून चालत गेला आणि काठावर आईपाशी जाऊन उभा राहिला. लोक हसून बेजार झाले. मला हसू आलं नाही, कारण मी वाचलं होतं. बोस्टनलाही ओहोटी होती. चहा बुडेना, त्याचे ढीग साचले, आणि पोरांना उतरून ते पायांनी ढकलावे लागले. आमचं नाटक इतकं अचूक झालं होतं आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

सातवं खोकं मात्र फुटलं आणि आतून काळाभोर चहा भसाभस पाण्यात गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते पहिल्या रांगेतले शेटजी. "वा मास्तर, अगदी खऱ्यावानी!" ते ओरडले. मग पाणी लागून रंग पसरू लागला, वास सुटला, आणि शेटजींचे हात हवेतच थांबले. आप्पानं दहा खोकी मोजून उचलली होती. उचलताना एक जड लागलं होतं म्हणे, पण त्याला वाटलं, नाटकाचं आहे, यांनी खऱ्यासारखं वाटायला काहीतरी भरलं असेल.

शेटजी दिलदार, हसण्यावारी नेलं. भिजलेला चहा आत्याबाईंनी गोणपाटात भरून घरी आणला आणि दोन दिवस पत्र्यावर वाळवला. मी त्यांना सांगितलं, बोस्टनलाही एक जण कोटात चहा भरताना सापडला होता, लोकांनी त्याचा कोट फाडला.

"एकच?" आत्याबाई चहा उलटापालटा करत म्हणाल्या. "सापडला त्यो एक. बायांनी वाळवला आसंल त्यो लिव्हला न्हाई कुनी."

तो चहा आम्ही डब्यात भरला. डब्याखाली फॉर्म होताच. वर्ष संपायला आठ दिवस राहिले होते.

* * *

त्या रविवारी दौंडहून माझे वडील एस.टी.नं आले, वडगाव रासाईहून चुलतसासरे तात्या आले. मामंजींनीच बोलावलं होतं. बाहेर चार खुर्च्यांवर चौघं बसले, मामंजी, तात्या, वडील आणि हे. विषय माझी परीक्षा.

कुणी वाईट बोललं नाही, हे आधी सांगायला हवं. तात्या म्हणाले, "शिकू द्या की, कोन नको म्हनतंय? पर पहिलंच वरीस, पावनं-रावळं, सन-वार." वडील म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. मुलगी तुमची." हे म्हणाले, "फॉर्म आणलाय मी. पण घाई नाही." मामंजी म्हणाले, "फुडच्या वर्सी बगू. आन् पोरीला वाईट वाटाया नको. शिलाई मशीन घेऊ तिला. चांगलं, पायाचं."

"मशीन म्हणजे उत्तमच झालं," वडील म्हणाले.

मला शिलाई येते. मशीन मला हवंही होतं.

"सूनबाई," मामंजींनी हाक मारली, "चार कप टाका."

मी स्टोव्हसमोर बसले होते. काडीपेटी हातात होती. ती मी खाली ठेवली. आत्याबाई भिंतीला टेकून चाती फिरवत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्टोव्हकडे पाहिलं, आणि चाती फिरतच राहिली.

"सूनबाई, चहा!"

पाच मिनिटं गेली असतील. बाहेर मशीन कुठून घ्यायचं, ते बोलून झालं. मग यांचा आवाज आला, जरा अवघडलेला, "अगं, झाला का चहा?"

आत्याबाईंनी धागा गुंडाळला, चाती माझ्या मांडीवर ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पडदा पूर्ण बाजूला सारून दारात उभ्या राहिल्या.

"चहा न्हाई," त्या म्हणाल्या. "नदीत गेला."

"नदीत?" माझे वडील दचकून म्हणाले. "कधी?"

 हे जमिनीकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मामंजी आत्याबाईंकडे बघत राहिले. मग त्यांची नजर पडद्याच्या आत, थंड स्टोव्हवर आणि तिथून माझ्यावर आली. 

"तिचं काय म्हननं आसंल," शेवटी ते म्हणाले, "तर हितं येऊन बोलू दे."

"बसंल कुठं?" आत्याबाई म्हणाल्या. "खुर्च्या चारच हायत."

तात्यांनी घसा खाकरला. मामंजी उठले. धोतराचा सोगा झटकला, कॉटवर जाऊन बसले आणि आपली खुर्ची पायानं पुढे सरकवली.

"या सूनबाई. बसा." मग आत्याबाईंना, "तुमी बी या, कॉटवर जागा हाय."

"मी बसती," आत्याबाई म्हणाल्या, "पर मला चहा पायजे."

मी खुर्चीवर बसले होते, आत्याबाई कॉटवर. मामंजींनी यांच्याकडे पाहिलं. तात्यांनीही पाहिलं. हे उठले आणि स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ डबे खाली-वर होत राहिले. एक झाकण पडलं. साखर सापडल्याचं त्यांनी स्वतःशीच जाहीर केलं. मग चहाचा डबा उचलल्याचा आवाज आला.

"अगं," आतून आवाज आला, "हा फॉर्म तर भरलेला आहे."

"सगळा," मी खुर्चीवरून म्हटलं.